टोकनांचा डेक आणि गडावरची तळी

पाचाड, ता. महाड

चि. भावास,

तुझी डेकची यादी वाचली. टोकनांचा डेक बांधायचा म्हणतोस आणि निम्मे पत्ते भरलेस महागड्या ड्रॅगनांचे. ते आधी काढ.

टोकन म्हणजे पत्त्याने टेबलावर उभा केलेला शिपाई. 'मॅजिक: द गॅदरिंग' या आपल्या पत्त्यांच्या खेळात ही कल्पना १९९३च्या पहिल्याच संचात आली. 'द हाइव्ह' हा पत्ता माना, म्हणजे पत्ते चालवायला लागणारी शक्ती, मोजला की एक उडती गांधीलमाशी सोडतो. 'रेझ द अलार्म' दोन मानांत दोन शिपाई देतो, प्रत्येकाची ताकद एक. एकट्याने त्यांच्या हातून फारसं काही होत नाही. पण 'इन्टँजिबल व्हर्च्यू' आला की तुझ्या प्रत्येक टोकनाची ताकद एकाने वाढते. टोकनं सात आणि असे पत्ते दोन, म्हणजे सात त्रिक एकवीस! कुणी अडवलं नाही तर समोरच्याचे वीस प्राण एका हल्ल्यात संपतात.

मात्र आधी शिपाई हवेत, मग बळ. म्हणून शिपाई काढणाऱ्या पत्त्यांची संख्या जास्त ठेव. साठ पत्त्यांत एका नावाचे चारच चालतात. चार असले तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातला एक तरी येण्याची शक्यता ४० टक्के. तेच काम करणारे आठ असले तर ६५ टक्के. बळ देणारे सहा-सात पुरेत.

आता खरी गोष्ट. समोरच्याचा 'रॅथ ऑफ गॉड' चार मानांत टेबलावरचं सगळं सैन्य मारतो. तू हातातलं सगळं ओतून बसला असशील तर डाव तिथेच गेला. म्हणून वेगळा साठा राखून ठेवावा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय की गडावर एकाच पाण्यावर विसंबू नये, लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. आपल्या रायगडावर बघ, गंगासागर वेगळा, हत्ती तलाव वेगळा, कुशावर्त वेगळा.

तुझा दुसरा तलाव म्हणजे 'लिंगरिंग सोल्स'. तो दोन उडते आत्मे देतो, आणि वापरून टाकलेल्या पत्त्यांत गेल्यावरही काळा माना मोजून पुन्हा दोन देतो. 'इन्टँजिबल व्हर्च्यू' सैन्यात मोडत नाही, म्हणून 'रॅथ'नंतरही टेबलावर टिकतो आणि नव्या शिपायांना लगेच बळ देतो. या दोघांची जरब एवढी की २०१२मध्ये 'इनिस्ट्राड' या संचमालिकेच्या स्पर्धांतून दोघांवरही बंदी आली. टेबलावर जिंकण्यापुरतं सैन्य उभं झालं की पुढचा पत्ता हातातच ठेव. तो ठेवायला धीर लागतो, आणि या डेकची सगळी विद्या त्या धीरातच आहे.

'रेझ द अलार्म', 'इन्टँजिबल व्हर्च्यू' आणि 'लिंगरिंग सोल्स' यांतला एकही पत्ता दुर्मीळ वर्गातला नाही. साध्या पत्त्यांनी बलाढ्य डेक हरवता येतो, म्हणून मला हा प्रकार इतका प्रिय आहे. पांढऱ्या-काळ्या रंगात नवी यादी करून पाठव. दिवाळीला घरी आलास की पहिला डाव माझ्याशी.

तुझी,
ताई