जांबची वाट

समर्थांचें जन्मग्राम जांब हें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत आहे. बारा वर्षांच्या नारायणानें बोहल्यावरून निघून पायींच नासिक गांठलें, असें परंपरा सांगते. आम्हां प्रापंचिकांस मात्र रस्ता लागतो. येथील काळी माती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते. म्हणून खालीं मुरूम-खडीचा दाबलेला थर व कडेनें पाण्यास वाट दिल्यावांचून रस्ता टिकत नाहीं. एका श्रावणांत ओढ्यास पूर आला; माझ्या वृद्ध मातोश्री ऐलतीरावरूनच हात जोडून परतल्या. पुन्हां योग आला नाहीं. वापी, कूप, तडाग, देवालय यांस शास्त्रकार पूर्तकर्म म्हणतात. त्यांच्याच पंक्तीस मी उंच पूलहि बसवितों. ओढ्यापलीकडच्या कोणाहि म्हाताऱ्या माणसास विचारावें. तोहि तेंच सांगेल.