डब्यात मावतील तेवढे दिवस

अलास्काच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. आकाराने गोव्याच्या नऊ पटींहून मोठं, आणि आत एकही रस्ता नाही. आखलेली पायवाटही नाही. १९८० साली कायद्याने ते राखलं, तेव्हाच ते असं ठेवायचं ठरलं. प्रवेशशुल्क नाही, हिंडायला परवाना लागत नाही. मोकळीक एवढी, की तिथल्या भटकंतीचा बेत नेमका कुठून आखायला घ्यावा तेच आम्हाला कळेना.

सह्याद्रीत निम्मा बेत वाटच करून देते. चुकलोच तर गुरांमागचं एखादं पोर हात करून दिशा दाखवतं आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते. इथे उलट सूचना: एकामागे एक चालू नका, पसरून चाला, म्हणजे वाट पडणार नाही! सोबत येणाऱ्या मित्राने नकाशावर पेन्सिलीने ऐटीत मोठमोठे टप्पे पाडले होते. पण पाय ठेवला की कलंडणारे गवताचे गड्डे, त्यांच्यामधलं पाणी, पावसाने फुगणाऱ्या बिनपुलाच्या नद्या, हे सगळं वाचल्यावर दिवसाला दहा किलोमीटर झाले तरी भरून पावलो, यावर तो आला.

मुक्काम किती दिवसांचा, हे मात्र आमच्या पायांनी नाही, एका डब्याने ठरवलं. अस्वलाला उघडता येऊ नये असं जाड, गुळगुळीत पिंप. जे जे वासाचं ते ते सगळं त्यात, टूथपेस्टसुद्धा. जमिनीवर सगळं मांडून बसलो. भाजके पोहे पहिल्याच फेरीत बाद, कारण ते नुसती जागा अडवतात. मेतकूट राहिलं, दाण्याचा कूट राहिला, आणि तुपाला तर मानाचं पान. तोळाभर वजनात एवढी ताकद दुसरं काय देणार? ठेच्यावरून खरं भांडण झालं. ठेचा डब्यात गेला नसता तर मीही जाणार नव्हतो.

जायचं ते फेअरबँक्स शहराहून बेटल्स या गावी, आणि तिथून तळ्यावर उतरणारं छोटं विमान. त्यात सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. स्टोव्हचा गॅस प्रवासी विमानात चालत नाही, तो तिकडे पोचल्यावरच घ्यायचा. जून-जुलैत डास, ऑगस्टच्या अखेरीस थंडी. आम्ही ऑगस्टची सुरुवात धरली आहे. तेव्हा तिथे रात्रीही पुरता अंधार पडत नाही, तरी बॅटरी न्यावी का, यावर एक संध्याकाळ उगाच खर्ची पडली.

बाकी सगळं हिशेबात बसवता आलं. राहिलं ते परतीचं विमान. ढग खाली आले तर ते येत नाही. त्या दिवशी नाही आणि कदाचित त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून डब्याच्या तळाशी न मोजलेल्या दिवसांचं जेवण ठेवायचं, आणि विमान वेळेवर आलं तर ते तसंच परत आणायचं. ऑफिसातल्या रजेच्या अर्जाला हे पटवून देणं अवघड आहे. तिथे ‘हजर होण्याची तारीख’ असा रकाना असतो. मी त्यात ढगांसकटची तारीख घातली, तर साहेबांनी कारण विचारलं.