भिंतीवरची पाहुणी

नरोलीत आषाढ लागला की घरात कोरडे असे काही उरत नाही. दमणगंगा गढूळ होऊन फुगते, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो आणि किडामुंगी आसऱ्याला आत शिरते. तिच्या मागोमाग तीही आली. रात्री न्हाणीतला दिवा लावला, तर भिंतीवर माझ्या पंजाएवढा कोळी, पाय खेकड्यासारखे आडवे पसरून निश्चल बसलेला. मी झाडू घ्यायला वळले, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, मारू नको ना. पाळू या."

पेला उपडा ठेवला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवली आणि पाहुणी लोणच्याच्या मोठ्या बरणीत गेली. दाभण तापवून झाकणाला भोके पाडली. आत झाडाची साल आणि ओल्या कापसाचा बोळा ठेवला. पण पाळायचे म्हणजे आधी कोण आहे ते कळायला हवे.

कोळ्याची ओळख त्याच्या डोळ्यांवरून पटते. आम्ही बॅटरी आणि भिंग घेऊन बसलो. आठ डोळे, चार-चारच्या दोन रांगांत. लांडगा-कोळ्याचे असे नसतात. त्याचे खाली चार बारीक, वर दोन मोठे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. हिच्या डोळ्यांखाली फिकट पट्टाही होता. हेटेरोपोडा वेनाटोरिया. त्यातले वेनाटोरिया हे नाव लिनियसने १७६७ साली दिले. वेनाटोरिया म्हणजे शिकारी. ही जाळे विणत नाही, धावून भक्ष्य धरते. माणसांच्या मालाबरोबर, केळ्यांच्या घडांतून ही उष्ण प्रदेशांत जगभर पोचली आहे. आमच्या न्हाणीत मात्र ती किड्यांच्या ओढीने आली होती.

नाव कळले की हात आपोआप हळू होतो. ठाणे-कल्याण भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली शास्त्रज्ञांनी शहीद पोलीस तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले, आयसियस तुकारामी. ते वाचल्यापासून तर एवढ्याशा जिवालाही मी नीट पाहून घेते.

तिच्या जेवणाने मात्र मला लाजवले. ओट्याखाली झुरळांची काय कमी! पण तिथे दरवर्षी औषध फवारलेले. ती झुरळे खाऊ घालणे म्हणजे तिलाच विष घालणे. मग लेक परसातल्या पाट्याखालून रातकिडे शोधून आणू लागली. पाहुणी त्यांना शिवेना. शेजारच्या वारली आजी बरणी निरखून म्हणाल्या, "पोटुशी दिसते गं. सोड तिला."

नवव्या दिवशी सकाळी तिच्या छातीखाली पेढ्याएवढी चपटी, फिकट चकती होती. अंड्यांची पिशवी. तोंडाजवळच्या आखूड पायांनी तिने ती घट्ट कवटाळली होती. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ही आई ती खाली ठेवत नाही, आणि तोवर बहुधा खातही नाही. बरणीच्या काचेपलीकडून तिच्याकडे बघताना लेक एकदम गप्प झाली. मग तिनेच झाकण उघडले आणि बरणी माळ्याच्या कडेला आडवी धरली. बराच वेळ पाहुणी हलली नाही. मग चकती सावरत एका दमात वर चढली आणि पत्र्याच्या पेट्यांमागे दिसेनाशी झाली.

या पावसाळ्यात औषध फवारायला आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवले.