उरलेलं चाक

मे महिन्याच्या सुट्टीत लेकानं सगळी खेळणी ओटीवर ओतली आणि सांगून टाकलं, आज लावणार. बुटांची चार खोकी, मिठाईचे दोन डबे, आंब्याची एक पेटी आधीच जमवलेली. मला वाटलं, गाड्या एकीकडे, प्राणी दुसरीकडे, ठोकळे तिसरीकडे. दुपारी पाहते तर एकाच खोक्यात जिराफ, डंपर आणि पत्र्याची शिट्टी. वर स्केचपेननं लिहिलेलं, ‘म्हसा’. दुसऱ्यावर ‘मामा’. तिसऱ्यावर ‘ताप आला तेव्हा’.

मी तिथंच बसले. असे खण मी पाहिलेत.

आमचे आप्पा मुरबाडकडच्या एका टपाल कचेरीत बटवड्याला होते. सकाळच्या एसटीतून थैली उतरायची. पत्रं टेबलावर पसरून ते भिंतीवरच्या लाकडी खणांत टाकत जायचे. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. मुरबाडचा 421401, आमच्या शहापूरचा 421601. त्या आकड्यानं थैली बाजारगावापर्यंत पोचायची. पुढचे पाडे आप्पांच्या पायांत होते. त्यांचे खण वाटेच्या क्रमानं लावलेले, ओढ्याअलीकडचे वर, पलीकडचे खाली. पावसाळ्यात ओढा फुगला की लांबून वळसा पडायचा आणि खणांचा क्रमही बदलायचा.

सगळ्यात खालचा खण ठावठिकाणा नसलेल्यांचा. दिवाळी उलटली की कातकरी वाड्या रिकाम्या व्हायच्या. म्हातारी माणसं मागं, बाकीचं बिऱ्हाड वीटभट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडाशी परत. मधल्या काळात पत्र आलं तर ठरलेले दिवस ठेवायचं आणि शेरा मारून परत पाठवायचं, असा नियम. आप्पा नियम पाळायचे, पण ते सगळे दिवस विचारपूस करण्यात घालवायचे.

एका पौष पौर्णिमेला ते मला म्हशाच्या जत्रेला घेऊन गेले. खांबलिंगेश्वराला नारळ फोडला आणि देवळाकडं पाठ करून तडक बैलबाजारात. धुरळ्यात दावणीच्या दावणी, बैलांच्या शिंगांना ताजा रंग, घोंगड्यांचे ढीग, त्यांना लोकरीचा ओलसर वास. मला पाळण्यात बसायचं होतं. आप्पा प्रत्येक दावणीपाशी थांबून विचारत होते, “अमक्या वाडीचं कोणी आलंय का हो?” शर्टाच्या खिशातून एका आंतरदेशीय पत्राचा निळा कोपरा डोकावत होता. शेवटी सुकी मासळी मांडून बसलेली एक म्हातारी म्हणाली, “त्याचा मेव्हणा माझ्या शेजारचा. ते भिवंडीकडं हायेत, भट्टीवर.” आप्पांनी पत्र तिच्या हाती दिलं नाही. दुसऱ्याचं पत्र तिसऱ्याकडं द्यायचं नसतं. भट्टीमालकाचं आणि गावाचं नाव तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, गुडघा टेकला, मांडीवर पत्र धरलं, जुना पत्ता एका सरळ रेघेनं खोडला आणि खाली नवा लिहिला. सावकाश, ठसठशीत अक्षरात. पाळणा राहिला. परतीच्या एसटीत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यांच्या धोतराला त्या मासळीचा वास येत होता. आजही मासळीबाजारात मला घरी आल्यासारखं वाटतं.

हल्ली घरोघरी झाकणाचे पारदर्शक डबे असतात. मला ते आवडत नाहीत. बाहेरूनच सगळं दिसतं, मग कुणी कुणाला काही विचारत नाही.

माहुलीच्या डोंगराकडं ऊन कललं तेव्हा ओटीवर थोडंच उरलं होतं. एक काळं चाक, अर्धी शिडी, कुठल्याशा अस्वलाचा डोळा. मी केरसुणी घेतली. लेक म्हणाला, “थांब गं, विचारून येतो.” चाक मुठीत धरून तो शेजारी गेला. तिथं नाही, म्हणून पलीकडच्या आळीत. अंधार पडताना हात हलवत परत आला. चाक त्या आळीतल्या एका घरच्या ट्रॅक्टरचं निघालं.

मुलांची खेळणी आवरताना उरलेलं लगेच केरात लोटू नका. चार घरं विचारा.