आतली गळती

हापसा गळू लागला तरी बहुधा कुठे ओल दिसत नाही. दांडा आठ-दहा वेळा रिकामाच खालीवर होतो, मग धार लागते. गळालेले पाणी जिथून आले त्याच बोअरमध्ये परत गेलेले असते. झाशी जिल्ह्यात बेतवाकाठी वसलेल्या एरचच्या परिसरात, सगळ्या बुंदेलखंडातच, सरकारी हापसा म्हणजे इंडिया मार्क-२. आणि त्याचे कूळ मराठवाडा-सोलापूरकडचे आहे. परदेशी घरगुती पंपांच्या बिडाच्या नकला गावभराच्या हातांखाली टिकेनात, तेव्हा जालन्याच्या मिशनमध्ये आणि पुढे सोलापुरात पोलादी पंप घडवले गेले. सोलापूर पंप ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मेकॅनिकचा. १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने मद्रासला त्याच्यावरूनच मार्क-२ बेतला गेला.

दांडा दाबला की साखळी सळया वर ओढते आणि तळच्या सिलिंडरमधला दट्ट्या उचलला जातो. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल १२५. म्हणजे एका हापशाला सुमारे ४०० मिलिलिटर पाणी. दट्ट्याभोवतीचे वाटीसारखे वायसर झिजले की प्रत्येक वेळी थोडे पाणी कडेने निसटते आणि धार बारीकच राहते. तळची झडप नीट बसत नसेल तर धार भरपूर येते, पण पंप थोडा वेळ थांबला की पाइप रिकामा होऊ लागतो. म्हणून धार लागल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा हापसतात आणि पाणी येईपर्यंतचे हापसे मोजतात. पाचांहून अधिक लागले तर गळती धरावी. मात्र दोष झडपेचा की पाइपाला पडलेल्या भोकाचा, हे पाइप वर काढल्याशिवाय कळत नाही.

दांड्यावर चालणारे घरगुती एस्प्रेसो यंत्र याबाबतीत सरळ आहे. १९६१च्या ला पावोनी युरोपिकोलातही दट्ट्या आणि रबरी कडी हीच जोडी. पण वरची कडी गेली की पाणी दट्ट्याच्या दांडीलगत बाहेर झिरपते आणि रोग लगेच कळतो. कडी बदलायला टेबलावर पान्हा पुरतो.

हापशाचे वायसरही स्वस्त, महाग आहे ती त्याच्यापर्यंतची वाट. मार्क-२मध्ये दट्ट्या पाइपापेक्षा रुंद, त्यामुळे तीन-तीन मीटरचे पाइप आणि सळया ओळीने उपसाव्या लागतात. तीस मीटर खोलीला हे ओझे शंभर किलोच्या वर जाते. तिवई, साखळदंड आणि चार माणसे जमेपर्यंत गाव दुसऱ्या पाण्यावर. १९९०च्या सुमारास बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमाने गावच्या बायकांना हे काम शिकवले. बाहेरच्या मेकॅनिकची वाट पाहण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचे होते.

पुढच्या मार्क-३मध्ये पाइप ६५ मिलिमीटरचा केल्याने दट्ट्या आणि तळझडप पाइप न हलवता निघतात. दुरुस्ती सोपी झाली. पण पाइपच जाड आणि जड असल्याने खोल बोअरला तो परवडत नाही. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर आल्याने दुरुस्तीची खेप कमी वेळा पडते, हा फायदा दोन्ही पंपांना.

पाइप वर निघालेच तर आटे आणि तळचे तुकडे बारकाईने पाहावेत. आम्लधर्मी पाण्यात जस्ताचा मुलामा जाऊन लोखंडाला भोके पडतात, आणि असा पाइप परत उतरवला तर नवे वायसर, नवी झडप घालूनही रिकामे हापसे तेवढेच राहतात.