पिकतं तिथं

बेलारूसी लेखक आल्हेर्द बाखारेविचला ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण चिकटवण्याचा मोह होतो. जन्म मिन्स्कचा, 1975 चा; 2020 च्या अखेरीस देश सोडलेला; आणि ‘युरोपची कुत्री’ या कादंबरीच्या जर्मन अनुवादाला 2025 मध्ये लायप्झिगचा युरोपीय सामंजस्याचा पुरस्कार. पण म्हण जरा ताणली की उसवते. तिच्यात घरच्यांची बेफिकिरी गृहीत धरलेली आहे. बेलारूसमध्ये बेफिकिरी कुठे होती? 2017 ची ही जवळजवळ नऊशे पानांची कादंबरी तिथं वाचली जात होती, म्हणून तर 2021 मध्ये नव्या आवृत्तीच्या प्रती सीमाशुल्कवाल्यांनी अडवल्या आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पुस्तक ‘अतिरेकी’ ठरलं. त्याच महिन्यात त्याच्या प्रकाशकानं मिन्स्कमध्ये पुस्तकांचं दुकान उघडलं, तर उद्घाटनाच्याच दिवशी छापा पडला. गिऱ्हाईक होतं, दुकान राहू दिलं नाही. सरकार पुस्तक वाचून घाबरतं की नुसत्या नावाला घाबरतं, हा प्रश्न राहतोच, पण दोन्ही परिस्थितींत पुस्तकाला कुणी वाचक आहे हे सरकार मान्य करतंच.

आता म्हणीच्या पहिल्या शब्दाकडे वळलं की पंचाईत वाढते. बाखारेविच जिच्यात लिहितो ती बेलारूसी भाषा तिथं पिकते असं तरी म्हणावं का? 1995 च्या सार्वमतानंतर रशियनला तिच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. 2009 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी बेलारूसी ही आपली मातृभाषा सांगितली, घरी मात्र तेवीस टक्केच ती बोलत होते. अभिमान आहे, वापर नाही. बाखारेविच त्यातही 1933 च्या सोव्हिएत सुधारणेआधीची लेखनपद्धती वापरतो, म्हणजे अल्पसंख्यांतला अल्पसंख्य. त्याच्या ‘आलिंदार्काची मुलं’ या कादंबरीत जंगलातल्या छावणीत मुलांची बेलारूसी औषधांनी आणि शस्त्रक्रियेनं ‘बरी’ केली जाते. बेलारूसीवर प्रेम करणारा बापही तिथं निव्वळ भला नाही, मुलीवर आपली भाषा लादणाराच आहे. हे लेखकानं स्वतःच्या बाजूविरुद्ध लिहिलेलं आहे, आणि मला तेच जास्त खरं वाटतं.

कुणी म्हणेल, बेलारूसीचा एवढा अट्टाहास कशाला, रशियनमध्ये लिहिलं असतं तर वाचक कितीतरी पट मिळाले असते. हा आक्षेप झटकता येत नाही, कारण ‘युरोपची कुत्री’ लेखकानं स्वतःच रशियनमध्येही आणली. मग भाषेची निष्ठा नेमकी कशात मोजायची? कादंबरीतला एक भाग 2049 मधला आहे: बर्लिनच्या हॉटेलात एक अनोळखी कवी मरून पडतो, आणि तो कोण हे शोधत एक माणूस युरोपभर पुस्तकांची दुकानं धुंडाळतो. आज जर्मनीत ही कादंबरी विकत घेणारा वाचक अनुवादक टोमास वायलरचं जर्मन वाचतो, म्हणजे विकलं जातं ते जर्मन. पीक कुणाचं म्हणायचं, मिन्स्कचं, की ज्या हाम्बुर्गमध्ये लेखक पूर्वी काही वर्षं राहून लिहीत होता त्याचं? म्हणीत पेरणाऱ्याला शेत सोडावं लागलं तर काय, याची तरतूदच नाही, आणि म्हण टाकून द्यावी तर तिच्या जागी दुसरी कुठली बसेल हेही सुचत नाही.