गीर, की गीरसारखी?

पुण्यात हल्ली दुधाच्या बाटलीवर गाईचा फोटो असतो. फुगीर कपाळ, लांब लोंबणारे कान, मागे वळलेली शिंगं आणि खाली 'शुद्ध गीर, ए-टू'. आपण आयटीवाले लोक एखाद्या लायब्ररीचं व्हर्जन दहा वेळा तपासू, पण हे लेबल मुकाट्याने मान्य करतो. तर या वीकेंडचा प्रश्न : गाय शुद्ध आहे हे ओळखतात कसं?

मला यात पडावं लागलं ते मामामुळे. तो राजुरीला असतो. आळेफाट्याहून नगरकडे निघालं की लागतं ते, जुन्नर तालुक्यातलं. गोठ्यात सगळ्या काळ्या-पांढऱ्या एचएफ संकरित गाई, आणि डेअरीच्या पगारावर घर चालतं. गेल्या महिन्यात कुणीतरी त्याला 'प्युअर गीर' म्हणून एक गाभण कालवड दाखवली. किंमत त्याच्या चांगल्यातल्या संकरित गाईपेक्षा बरीच जास्त. मामा सोसायटीचं कर्ज काढायच्या बेतात होता. त्याने फोटो पाठवले आणि फोन केला, "तुझ्या त्या इंटरनेटवर बघ रे, खरी आहे का ही?"

फोटोत सगळं जागच्या जागी होतं. लाल रंग, वशिंड, गळ्याखालची पोळी, कान. पण गंमत अशी आहे की डोळ्यांनी फक्त 'शुद्ध नाही' एवढंच सिद्ध होतं. 'शुद्ध आहे' हे सिद्ध होत नाही.

गीर गाय एचएफ वळूने भरली की पहिल्या पिढीचं वासरू बहुतेक काळं होतं, कारण काळा रंग वरचढ. वशिंडही बसकं. ते कुणीही ओळखेल. आता ही संकरित कालवड मोठी झाली आणि गीर वळूने भरली, तर तिच्या वासरांत गीरचा हिस्सा सरासरी ७५ टक्के. त्यांतल्या साधारण निम्म्यांना काळा रंग मिळतच नाही. पुढची पिढी ८७.५ टक्के, त्यापुढची जवळजवळ ९४. तोपर्यंत कपाळ, कान, शिंगं सगळं परत आलेलं असतं. म्हणजे आउटपुट तेच, आतला कोड वेगळा.

अमेरिकेत साप पाळणाऱ्यांचं दुखणंही हेच. तिथे किंगस्नेक आणि कॉर्न स्नेकचा संकर करतात. पिल्लं वांझ निघत नाहीत. ती पुन्हा कॉर्न स्नेकशीच जुळवत गेलं की काही पिढ्यांनी नुसतं बघून काही कळत नाही.

मग ए-टू टेस्ट? ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनात ६७व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे, एवढंच ती सांगते. देशी गाई बहुतेक ए-टू असतात हे खरं, पण एचएफमध्येही ए-टू गाई भरपूर आहेत. ए-टू म्हणजे गीर नव्हे! आणि लेबलचं म्हणाल तर २१ ऑगस्ट २०२४ला एफएसएसएआयने ए-वन, ए-टूचे दावे काढून टाका असा आदेश दिला आणि २६ तारखेला तोच मागे घेतला. असो.

डीएनए तपासणी हा खरा उपाय. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१मध्ये देशी गोवंशासाठी 'इंडिगाऊ' नावाची चिप काढली. तिच्यात ११,४९६ मार्कर आहेत. पण बाजारात दावं हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

त्याच्या कामाची गोष्ट साधी आहे : नोंद. जनावराच्या कानात १२ आकडी नंबरचा पिवळा बिल्ला असतो. सिमेनच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. कोणत्या गाईला कोणत्या दिवशी कोणती कांडी भरली, हे डॉक्टरने त्या बिल्ल्यावर चढवलं की झाली वंशावळ. आपल्या भाषेत कमिट लॉग. लॉग नसेल तर नुसता कोड बघून तो कुणी लिहिला हे सांगता येतं का?

मी मामाला म्हटलं, "मामा, तुम्ही फक्त दोन गोष्टी विचारा. हिची आई कुठाय, आणि बाप कोणत्या नंबरचा?"

विकणारा म्हणाला, "गाय समोर उभी आहे, कागद काय बघता?" मामाने मग संकरित गाईचा भाव सांगितला. सौदा मोडला. मामाला वाईट वाटलं, कारण कालवड त्याला मनापासून आवडली होती. ती शुद्ध गीर असेलही. पण 'असेलही'चे पैसे तो देणार नव्हता, आणि हप्ते फेडायचे त्यालाच होते.

यात संकर वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही गाय एचएफ, जर्सी आणि गीर या तिघांची. ब्राझीलमध्ये गिरोलँडो आहे, पाच अष्टमांश होल्स्टीन आणि तीन अष्टमांश गीर. दोन्ही उघड संकरित आहेत आणि कशात काय किती हे लिहून ठेवलेलं आहे, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. मामाच्या गोठ्यातल्या काळ्या-पांढऱ्या गाईंना तर आजवर कुणी जात विचारली नाही, त्या रोज दूध देतात.

तेव्हा पुढच्या वेळी दूधवाल्याला "गीरच आहे ना?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. "गाईंच्या नोंदी ठेवता का?" असं विचारा. मी आमच्या दूधवाल्याला विचारलंय. तो म्हणाला, सांगतो. बघू.